शिडाची नौका वसंतात पाण्यात उतरवताना : नव्या नौकामालकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

ज्या प्रदेशांत हिवाळ्यात पाणी गोठते किंवा वादळांचा जोर वाढतो, तिथे शिडाच्या नौका शरद ऋतूत पाण्याबाहेर काढून टेकूंवर किंवा लोखंडी पाळण्यात उभ्या करतात आणि वसंतात पुन्हा पाण्यात सोडतात. पहिल्यांदाच ही जबाबदारी अंगावर घेणारा माणूस गोंधळतो तो कामांच्या क्रमात. यादी लांबलचक असते, त्यातली डोळ्यांत भरणारी कामे, म्हणजे बाजूंना पॉलिश करणे, लाकडाला तेल देणे, गाद्या धुणे, आधी हाती घेतली जातात. आणि क्रेनच्या तारखेला दोन दिवस उरले असताना लक्षात येते की बुडातली एक झडप गच्च अडकली आहे आणि तिचा सुटा भाग आठवड्याने मिळणार आहे. म्हणून एकच कसोटी धरावी : नौका पाण्यात गेल्यावर जे काम करता येणार नाही ते आधी, बाकी सगळे नंतर. पुढचा क्रम याच कसोटीवर लावला आहे. तो मुख्यतः फायबरग्लासच्या, आतल्या डिझेल इंजिनाच्या नौकेसाठी आहे. लाकडी आणि ॲल्युमिनियमच्या नौकांबाबत जिथे वेगळे करावे लागते तिथे तसे सांगितले आहे.

आधी जमवायची कागदपत्रे आणि साधने

कागदपत्रांत नौकेची नोंदणी, विम्याची पॉलिसी, यार्डाशी, म्हणजे नौका जमिनीवर ठेवण्याच्या जागेच्या चालकाशी, झालेला करार, रेडिओचा परवाना आणि इंजिनाची माहितीपुस्तिका हाताशी असावी. पॉलिसी नुसती जवळ असून भागत नाही. क्रेनने उचलताना होणारे नुकसान तिच्यात येते का आणि पाण्यातले विमासंरक्षण कोणत्या तारखेपासून सुरू होते, हे वाचून घ्यावे. करारात बहुधा टेकूंना कोणी हात लावायचा, कोरडे घासकाम चालते की नाही आणि जुना रंग व तेल कुठे टाकायचे याचे नियम असतात. याशिवाय नौकेचे वजन, लांबी, पाण्याखालची खोली आणि उचलण्याचे पट्टे नेमके कुठे यावेत हे दाखवणारे रेखाचित्र क्रेनचालकाला द्यावे लागते. मागच्या वर्षी काय बदलले याची वही असेल तर उत्तम. नसेल तर ती आजच सुरू करावी, कारण कोणती नळी कोणत्या वर्षी बसवली हे पुढे कोणालाही आठवत नाही.

साधनांत पाने आणि स्क्रूड्रायव्हरचा संच, व्होल्टमीटर, चांगला टॉर्च, छोटा हातोडा, भिंग, पाण्यात चालणारा घासकागद, रंगाचे रोलर, चिकटपट्टी, सागरी ग्रीस, स्टेनलेस स्टीलच्या नळी-क्लिपा आणि निरनिराळ्या मापांच्या कॉटर पिना (पिन निसटू नये म्हणून तिच्या छिद्रात घालून टोके वाकवायच्या दुहेरी तारा) लागतात. स्वतःसाठी रसायनांना टिकणारे हातमोजे, डोळ्यांचा चष्मा आणि धूळ व वाफ दोन्ही अडवणारा गाळणीचा मास्क घ्यावा. साधा कापडी मास्क या कामाला पुरत नाही.

1. तारीख ठरवा आणि उलटी मोजणी करा

क्रेनची तारीख आधी पक्की करावी, कारण वसंतात सगळ्यांनाच एकाच वेळी उतरायचे असते. भरती-ओहोटीच्या ठिकाणी आपल्या नौकेला पुरेशी खोली कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी मिळेल हेही तेव्हाच पाहावे. मग त्या तारखेपासून मागे मोजत यावे : बुडाचा रंग शेवटच्या आठवड्यात, ॲनोड (धातूला वाचवणारे झिजते तुकडे) आणि प्रोपेलर त्याआधी, झडपा आणि बुडाची तपासणी त्याच्याही महिनाभर आधी. तपासणीत जे सापडेल त्याचे सुटे भाग मागवायला हा महिना लागतो. त्यामुळे गारठा असला तरी तपासणी लांबवू नये. थंडीमुळे अडते ते रंगाचे काम, पाहण्याचे नव्हे.

2. टेकू आणि शिडी

नौकेवर चढण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारून प्रत्येक टेकू घट्ट आहे का आणि पावसाने किंवा बर्फ वितळल्याने त्याच्याखालची जमीन खचली आहे का ते पाहावे. समोरासमोरचे टेकू बुडाखालून साखळीने एकमेकांना जोडलेले असले पाहिजेत. नौकेवरच्या ताडपत्रीचा दोर टेकूला कधीही बांधू नये; वाऱ्याने ताडपत्री फुगली की तो टेकू ओढून काढते. रंगासाठी टेकू सरकवायचा असेल तर ते काम यार्डाच्या माणसालाच सांगावे. शिडी वरच्या बाजूला नौकेला बांधून ठेवावी. जमिनीवर उभ्या नौकेच्या डेकवरून पडणे ही गंभीर दुखापत असते, आणि ती टाळायला एक दोरी पुरते.

3. बुडाची तपासणी

दिवस कोरडा असताना, सूर्य कलता असताना बुडाच्या कडेने नजर लावून पाहावे. तिरप्या प्रकाशात फुगवटे आणि तडे स्पष्ट दिसतात. फायबरग्लासमध्ये पाणी झिरपून लहान फोड येतात. त्यांतला द्रव दाबाखाली असतो आणि त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यामुळे फोड टोचताना चष्मा अवश्य घालावा. मोजके, छोटे फोड दिसले म्हणून घाबरून जाऊ नये आणि हंगामही बुडवू नये. त्यांची दुरुस्ती नीट व्हायची तर बूड आठवडेच्या आठवडे वाळावे लागते, ते शरद ऋतूत नौका बाहेर आल्यावर हाती घ्यावे. आत्ता फक्त त्यांच्या जागा छायाचित्रासह वहीत नोंदवाव्यात.

कील, म्हणजे बुडाखालचा जड वजनाचा पंख, जिथे बुडाला मिळतो तो सांधा अधिक काळजीने पाहावा. तिथे रंगातली केसासारखी भेग नेहमीच दिसते आणि ती बहुधा वरवरची असते. पण भेगेतून गंजाचे पाणी ओघळत असेल, कीलच्या पुढच्या टोकाशी ती उघडत असेल, किंवा आत कीलच्या बोल्टांभोवती तडे दिसत असतील, तर रंगाचा डबा बाजूला ठेवून जाणकार सर्वेक्षकाला बोलवावे. हा निर्णय स्वतःच्या अंदाजावर सोडू नये. कील कशालाही आपटली असेल तर आतल्या मजबुतीच्या पट्ट्या बुडापासून सुटलेल्या असू शकतात, आणि ते बाहेरून कळत नाही.

सुकाणूचे पाते खालच्या टोकाला दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे. थोडासा खेळ चालतो. ठक् ठक् आवाज येत असेल तर बेअरिंग झिजले आहे. पात्याच्या तळाशी हिवाळाभर तपकिरी पाणी ठिबकत राहिले असेल तर आतल्या धातूच्या सांगाड्यापर्यंत पाणी पोचले आहे असे समजावे.

4. बुडातले प्रत्येक छिद्र : झडपा, नळ्या आणि बुचे

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. इंजिनाचे थंड पाणी, शौचकूप, बेसिन, कॉकपिटचे निचरे, वेगमापक अशी पाण्याच्या पातळीखाली अनेक छिद्रे असतात, आणि त्या प्रत्येकावर नौकेचे तरंगणे अवलंबून असते. सर्वांत आधी कागदावर नौकेचा आराखडा काढून प्रत्येक छिद्राची जागा त्यावर दाखवावी. बाहेरून मोजलेली छिद्रे आणि आतून सापडलेल्या झडपा यांची संख्या जुळेपर्यंत शोध थांबवू नये, कारण एखादी झडप कपाटामागे दडलेली असतेच.

प्रत्येक झडप पूर्ण उघडून पूर्ण बंद करावी. दांडा सहज फिरला पाहिजे. अडकलेल्या झडपेवर पाइप लावून जोर करू नये. तिचा दांडा किंवा बुडातला सांधा तुटण्याची भीती असते. थोडे भेदक तेल देऊन दुसऱ्या दिवशी पाहावे, तरीही हलली नाही तर ती बदलावी. मग धातू पाहावा. साध्या पितळेतले जस्त खाऱ्या पाण्यात विरघळून जाते आणि मागे ठिसूळ, सच्छिद्र तांबे उरते. पृष्ठभाग थोडा खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी झाक दिसली, किंवा हलक्या हातोड्याने ठोकल्यावर खणखणीत नादाऐवजी बोदा आवाज आला, तर ती झडप वरून कितीही धड दिसो, ती या वर्षी पाण्यात जाता कामा नये. बदलताना कांस्याची, जस्त न सोडणाऱ्या खास पितळेची किंवा सागरी दर्जाच्या संमिश्र प्लॅस्टिकची घ्यावी. दुकानात मिळणारी घरगुती नळजोडणीची चकचकीत झडप दिसायला तशीच असते आणि खूप स्वस्त असते. नवे मालक हमखास फसतात ते इथे.

नळी वाकवून पाहावी. कडक झालेली, चिरलेली किंवा क्लिपेच्या कडेला कापली गेलेली नळी बदलावी. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक जोडावर, जागा असेल तिथे, दोन क्लिपा असाव्यात आणि त्यांचे स्क्रूही स्टेनलेस स्टीलचे असावेत; पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा अशा क्लिपा सर्रास मिळतात. प्रत्येक झडपेजवळ तिच्या मापाचे नरम लाकडाचे निमुळते बूच दोरीने बांधून ठेवावे, म्हणजे नळी निखळली तर अंधारातही ते हाताला लागते.

5. प्रोपेलर, शाफ्ट आणि ॲनोड

प्रोपेलर घासून स्वच्छ करावा आणि त्यावर गुलाबी डाग आहेत का पाहावे. शाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा दांडा, वरखाली हलवून बाहेरच्या रबरी बेअरिंगमधला खेळ तपासावा. शाफ्ट जिथून आत येतो तिथे दोरीची पॅकिंग असलेला जुना सांधा असेल तर पॅकिंग कडक झाली आहे का ते आत्ताच पाहावे. शाफ्टऐवजी सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनापासून थेट बुडातून खाली उतरणारा प्रोपेलरचा पाय, असेल तर बुडातल्या मोठ्या रबरी पडद्याची मुदत तपासावी. ती उत्पादकाने ठरवून दिलेली असते, आणि तो पडदा फक्त नौका बाहेर असतानाच बदलता येतो.

ॲनोड म्हणजे स्वतः झिजून बाकीच्या धातूला वाचवणारा तुकडा. निम्मा झिजला की तो बदलावा. खाऱ्या पाण्यात जस्त किंवा ॲल्युमिनियम, निमखाऱ्यात ॲल्युमिनियम आणि गोड्या पाण्यात मॅग्नेशियम हा नियम आहे. बसवण्यापूर्वी खालचा धातू चकचकीत घासावा, कारण विद्युत संपर्क नसेल तर नवा ॲनोडही निरुपयोगी ठरतो. त्यावर रंग कधीही लावू नये.

6. बुडाचा रंग

शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगाला अँटिफाउलिंग म्हणतात. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. कडक रंग घासता येतो आणि वेगवान नौकांना चालतो, पण त्याचे थर वर्षानुवर्षे साचत जातात. हळूहळू विरघळणारा रंग स्वतःच पातळ होत जातो. पहिल्यांदाच रंगवणाऱ्याने दुसरा प्रकार घ्यावा असे माझे मत आहे. पुढच्या वसंतात घासण्याचे कष्ट त्याने बरेच वाचतात. जुना रंग कोणता हे माहीत नसेल तर दोन्हींना चालणारा जोडथर आधी द्यावा, नाहीतर नवा रंग पापुद्र्यांनी सुटतो. ॲल्युमिनियमच्या नौकेला तांबेयुक्त रंग लावू नये. त्याने बुडाचा धातूच खाल्ला जातो.

जुना थर नेहमी ओला करूनच घासावा. या रंगांची धूळ विषारी असते. जुन्या नौकांच्या खालच्या थरांत ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुगही असू शकते, ज्यावर 2001 मध्ये स्वीकारलेल्या आणि 2008 मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घातली आहे. घासलेले पाणी व गाळ खाली अंथरलेल्या कापडावर गोळा करून यार्डाने नेमून दिलेल्या जागीच टाकावा.

रंगाच्या दिवशी हवामान पाहताना फक्त तापमान पाहून चालत नाही. बुडाच्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सियसने जास्त असावे, अन्यथा डोळ्यांना न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो. वसंतात पहाटे आणि संध्याकाळी हेच होते, म्हणून काम उशिरा सुरू करून लवकर संपवावे. पाणरेषेवर, कीलच्या पुढच्या कडेवर आणि सुकाणूवर एक थर जास्त द्यावा, कारण रंग तिथेच आधी झिजतो. खोलीमापकाच्या संवेदकावर साधा रंग न लावता त्यासाठीचा पाण्यात मिसळणारा रंग पातळ लावावा. शेवटच्या थरानंतर किती तासांनी आणि किती दिवसांच्या आत नौका पाण्यात गेली पाहिजे हे डब्यावर लिहिलेले असते. क्रेनची तारीख त्या मुदतीत बसते का ते पाहूनच ब्रश हाती घ्यावा. टेकूंखालच्या जागांसाठी थोडा रंग शिल्लक ठेवावा.

बाजूंचे पॉलिश याच सुमारास उरकून घ्यावे. वेळ नसेल तर ते सोडून दिले तरी नौकेचे काही बिघडत नाही.

7. इंजिन, बॅटरी आणि गॅस

शरद ऋतूत तेल बदलले नसेल तर आता बदलावे, डिझेलचे दोन्ही फिल्टर नवे घालावेत आणि पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याच्या तळाशी काळा चिकट गाळ आहे का ते पाहावे. तो दिसला तर टाकीत सूक्ष्मजीव वाढले आहेत आणि टाकी साफ करावी लागेल. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपातले रबरी इम्पेलर (पाकळ्यांचे चाक) काढून पाहावे. त्याची एखादी पाकळी तुटलेली असेल तर तो तुकडा शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तो थंडाव्याच्या नळ्यांत अडकतो आणि इंजिन तापते. जमिनीवर इंजिन चालवून पाहायचे असेल तर पाण्याची नळी बादलीत सोडावी, कोरडे चालवू नये. कोरड्या पंपातले रबर अगदी थोड्या वेळात खराब होते. हिवाळ्यासाठी भरलेला गोठणरोधक द्रव बाहेर पडेल तो भांड्यात धरावा.

बॅटरी चार्ज करून काही तास तशीच ठेवावी आणि मग मोजावी. 12 व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत सुमारे 12.7 व्होल्ट म्हणजे पूर्ण आणि 12.2 म्हणजे जवळपास निम्मी. लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सियसखाली चार्ज करू नये.

स्वयंपाकाचा द्रवरूप गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळलेला गॅस बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या तळाच्या पोकळीत, साचून राहतो आणि एका ठिणगीने पेटतो. रबरी नळीवरची तारीख पाहावी, प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का तपासावे आणि सिलिंडरच्या कप्प्याचा बाहेर जाणारा निचरा मोकळा करावा.

8. डोलकाठी आणि तिच्या तारा

डोलकाठी काढून आडवी ठेवलेली असेल तर ही उत्तम संधी आहे, कारण एरवी हीच तपासणी उंचावर लटकून करावी लागते. तारेवरून कापडाचा तुकडा फिरवावा. कापड अडकले तर तिथे एक धागा तुटला आहे आणि ती तार बदलावी लागेल. हात उघडा फिरवू नये. तारेच्या टोकांवर दाबून बसवलेल्या धातूच्या नळकांड्या भिंगाने पाहाव्यात, त्यांवर उभी भेग किंवा गंजाची रेघ असेल तर ते टोक संपले. स्टेनलेस तारांचे आयुष्य साधारण 10 ते 15 वर्षे धरतात. स्प्रेडरची, म्हणजे तारांना डोलकाठीपासून दूर धरणाऱ्या आडव्या दांड्यांची, टोके, कप्प्या आणि दिव्यांच्या तारा तपासून दिवे जमिनीवरच लावून पाहावेत. रेडिओच्या अँटेनाचा जोडही तेव्हाच पाहावा.

प्रत्येक पिनेत नवी कॉटर पिन घालावी. तिची टोके थोडीच वाकवावीत आणि शिडे फाटू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी. डोलकाठी उभी करताना वर वीजवाहिनी नाही याची स्वतः खात्री करावी. आत्ता तारा फक्त हाताने घट्ट कराव्यात. पाण्यात गेल्यावर नौकेचा आकार किंचित बदलतो, त्यामुळे जमिनीवर केलेला अचूक ताण तिथे चुकीचा ठरतो.

9. शिडे, विंच आणि पिण्याचे पाणी

शिडांची शिवण उन्हाने आधी सैल होते, कापड नंतर. नखाने टाका ओढून पाहावा आणि तुटत असेल तर शिवायला द्यावे. विंच, म्हणजे दोर ओढण्याचे फिरते यंत्र, उघडून जुने ग्रीस पुसावे, दातांना थोडे नवे ग्रीस द्यावे, पण आतल्या छोट्या खिट्ट्यांना फक्त पातळ तेल लावावे. ग्रीसमुळे त्या चिकटतात आणि विंच ताणाखाली उलटे फिरते. पाण्याची टाकी निर्जंतुक करून दोनदा धुवावी.

10. जीवरक्षक साधने

फुगणारी जीवरक्षक जाकिटे तोंडाने फुगवून रात्रभर ठेवावीत. गॅसची कुपी काढून तिचे वजन तिच्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावे आणि हाताने घट्ट आवळून बसवावी. ती सैल असणे हा नेहमी आढळणारा दोष आहे. संकटज्योती, अग्निशामक, तराफा आणि 406 मेगाहर्ट्झच्या संकटसूचक यंत्राची बॅटरी यांच्या मुदती वहीत लिहाव्यात. त्या यंत्राच्या नोंदणीत आपला आजचा दूरध्वनी आहे का हेही पाहावे. नौका विकत घेतली असेल तर तिथे जुन्या मालकाचे नाव असण्याची शक्यता असते.

11. उतरवण्याचा दिवस

आदल्या संध्याकाळी फेंडर (बाजूंना घासण्यापासून वाचवणाऱ्या फुगीर गाद्या) आणि चार लांब दोर बांधून ठेवावेत, पाणी काढण्याचा पंप चालवून पाहावा, निचऱ्याचे बूच आणि वेगमापकाच्या छिद्रातले बूच जागेवर असल्याची स्वतःच्या हाताने खात्री करावी आणि सगळ्या झडपा बंद कराव्यात. पट्टे प्रोपेलर शाफ्टवर, सेलड्राइव्हवर किंवा संवेदकावर येत नाहीत हे उचलण्यापूर्वी पाहावे. नौका हवेत असताना तिच्याखाली कोणीही जाऊ नये. टेकूंच्या जागा रंगवायच्या असतील तर क्रेनचालक सांगेल तेव्हाच, बाजूने.

बूड पाण्याला टेकले आणि नौका तरंगू लागली तरी पट्टे सोडायला सांगू नये. आराखड्याचा कागद हातात घेऊन आत जावे आणि एकेक झडप, एकेक जोड, शाफ्टचा सांधा आणि कीलच्या बोल्टांची जागा कोरड्या कागदाने पुसून पाहावी. मग झडपा एकेक करून उघडाव्यात आणि पुन्हा पाहावे. बाहेर रांग लागलेली असते आणि घाई करणारे लोक असतात; तरीही ही पाच-दहा मिनिटे मागून घ्यावीत, कारण गळती सापडलीच तर नौका पुन्हा उचलणे फक्त याच क्षणी सोपे असते. शाफ्टला रबरी सील असेल तर ते दाबून आतली हवा बाहेर काढावी. लाकडी नौकेच्या फळ्या हिवाळ्यात आक्रसलेल्या असतात आणि फुगून सांधे मिटेपर्यंत ती पाणी घेणारच. तिला पट्ट्यांतच रात्रभर ठेवण्याची सोय आधी ठरवावी आणि पंपाजवळ माणूस ठेवावा.

इंजिन सुरू केल्यावर मागून पाणी पडते का ते लगेच पाहावे, न पडल्यास बंद करावे. इंजिन लागत नसेल तर स्टार्टर लांबवर फिरवत राहू नये. त्याने धूरनळीत पाणी साचत जाऊन ते इंजिनात शिरू शकते.

12. पाण्यातले पहिले दिवस

त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी बिल्ज पाहावे. जुन्या पद्धतीच्या शाफ्ट-सांध्यातून इंजिन चालू असताना मिनिटाला काही थेंब पडणे योग्य आहे, तो पूर्ण कोरडा आवळला तर शाफ्ट तापून झिजतो. नौका धक्क्याला घट्ट बांधून इंजिन गिअरमध्ये घालून थोडा वेळ चालवावे, मग क्लिपा पुन्हा आवळाव्यात. एक-दोन दिवसांनी नौकेचा आकार स्थिरावल्यावर इंजिन आणि शाफ्ट सरळ रेषेत आहेत का ते तपासून घ्यावे. डोलकाठीच्या तारा आता ताणाव्यात : आधी डोलकाठी दोन्ही बाजूंनी सरळ करून, मग दोन्हीकडचे टर्नबकल (तार ताणायचे पेचाचे जोड) सारखेच फेरे देत. वारा नसलेल्या सकाळी शिडे एकेक चढवून पाहावीत, आणि पहिल्या फेरीला मंद वाऱ्यात, धक्क्याच्या नजरेच्या टप्प्यात जावे. परतल्यावर वाऱ्याच्या पडत्या बाजूची कोणती तार सैल होत होती ते वहीत लिहून ताण पुन्हा दुरुस्त करावा आणि प्रत्येक टर्नबकलला कॉटर पिन घालून तो पक्का करावा.